'स्टॉप' या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि वापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा शब्द आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. एस.टी.तून बाजाराला जाणाऱ्या आजीलाही तो येतो. अडचण येते ती इंग्रजी वाक्यात बसवताना. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षावाले आणि परप्रांतातल्या व्यापाऱ्यांशी फोनवर इंग्रजी बोलावं लागणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. कुठूनही वाचा, पण 'इंग' आणि 'टू'चा प्रश्न सोडू नका. परीक्षेतले मार्क तिथेच जातात.

'स्टॉप' म्हणजे थांबणे की थांबवणे?

दोन्ही. मराठीत गाडी 'थांबते' आणि ड्रायव्हर ती 'थांबवतो'. इंग्रजीत रूप बदलत नाही: 'द बस स्टॉप्ड' आणि 'द ड्रायव्हर स्टॉप्ड द बस'. 'थांबवली'साठी वेगळं काहीतरी हवं, या समजुतीने पुष्कळ जण 'ही मेड द बस स्टॉप' अशी वाक्यं करतात. व्याकरणात ती चूक नाही, पण साध्या कामाला इतका खटाटोप कशाला?

मग 'बंद'साठीही 'स्टॉप' चालेल का?

कधी कधी. चालू असलेली हालचाल किंवा काम खंडित झालं, तर चालतं. घड्याळ बंद पडलं: 'द वॉच स्टॉप्ड'. पाऊस थांबला: 'इट स्टॉप्ड रेनिंग' किंवा 'द रेन स्टॉप्ड'. पेपर लावणं बंद केलं, दूध बंद केलं, इथेही 'स्टॉप' छान बसतं.

पण दुकान बंद असेल तर ते 'क्लोज्ड'. पंखा बंद करायचा तर 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ'. पंखा 'स्टॉप' करायला सांगितलं तर पाती हाताने धरायची की काय, असं ऐकणाऱ्याला वाटेल. लाइट गेली हे 'द पॉवर इज आउट'. मराठीतला 'बंद' फार कामसू शब्द आहे. त्याची सगळी कामं इंग्रजीत एकट्या 'स्टॉप'वर टाकता येत नाहीत.

'स्टॉप्ड स्मोकिंग' आणि 'स्टॉप्ड टू स्मोक' यांत फरक काय?

अर्थ पार उलटा होतो. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने विडी-सिगारेट सोडली. 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे तो चालता चालता किंवा काम करता करता थांबला, कशासाठी, तर सिगारेट ओढण्यासाठी.

व्याकरणाची पुस्तकं इथे जेरंड आणि इन्फिनिटिव्ह अशी नावं सांगतात आणि मुलं घाबरतात. गरज नाही. हाच भेद आपण घरी रोज करतो:

तो बोलायचा थांबला. (ही स्टॉप्ड टॉकिंग.)
तो बोलायला थांबला. (ही स्टॉप्ड टू टॉक.)

'-यचा, -यचं' असेल तिथे 'इंग', '-यला' असेल तिथे 'टू'. पहिल्यात बोलणं संपलं, दुसऱ्यात सुरू झालं. वाक्य आधी मनात मराठीत म्हणून पाहा, उत्तर आपोआप मिळतं. एरवी 'आधी मराठीत विचार करू नका' असा सल्ला सगळे देतात. मला तो सरसकट पटत नाही. जिथे आपली भाषा इंग्रजीइतकाच बारीक भेद करते, तिथे तिचा फायदा घ्यायलाच हवा.

मुलाखतीत एखादा उमेदवार अभिमानाने 'आय स्टॉप्ड टू ईट टोबॅको' म्हणाला, तर आपण तंबाखू सोडली असं त्याला सांगायचं असतं. समोरच्यांना ऐकू येतं की हा तंबाखू खाण्यासाठी थांबला होता. बाहेर दारापाशीच थांबला असणार!

दोन्ही एकाच वाक्यातही येतात: 'वी स्टॉप्ड ड्रायव्हिंग टू ईट.' गाडी चालवायचं थांबवलं, जेवायला.

फोनवर 'एक मिनिट थांबा' म्हणताना 'स्टॉप' म्हणावं का?

नाही, आणि हा घोटाळा धंद्यात महागात पडतो. रावेर-यावलकडचा केळीचा व्यापारी दिल्लीच्या खरेदीदाराशी बोलतोय, भाव वहीत बघायचाय, म्हणून तो म्हणतो, 'स्टॉप, स्टॉप!' पलीकडच्याला वाटतं, याने आपलं बोलणं तोडलं. इथे 'होल्ड ऑन' किंवा 'जस्ट अ मिनिट' हवं.

मराठीतल्या 'थांबणे'त तीन गोष्टी सामावतात. गाडी थांबते, ते 'स्टॉप'. 'माझ्यासाठी थांब', ते 'वेट फॉर मी'. आणि 'आम्ही तोरणमाळला दोन रात्री थांबलो', ते 'वी स्टेड'. 'थांब ना भो, येतो मी' हे 'स्टॉप' लावून सांगितलं तर भो जागच्या जागी खिळून उभा राहील.

ब्रिटनमध्ये घरगुती बोलण्यात 'स्टॉप' राहण्याच्या अर्थानेही येतं. 'आर यू स्टॉपिंग फॉर टी?' म्हणजे चहाला थांबताय ना? कुणी म्हटलं तर समजून घ्या. स्वतः मात्र 'स्टे'च वापरा.

काम 'थांबलं' आणि काम 'संपलं', दोन्हीला 'स्टॉप' का नाही?

रस्त्याचं काम थांबलं, म्हणजे ते अर्धवट पडून आहे: 'द वर्क हॅज स्टॉप्ड'. संपलं, तर 'इट इज फिनिश्ड'. ठेकेदाराला मेल लिहिताना हा फरक बिलाच्या रकमेत दिसतो. 'क्विट' म्हणजे कायमचं सोडणं, नोकरी किंवा व्यसन. 'पॉज'मध्ये पुन्हा सुरू होणार हे गृहीत असतं. 'सीज' कागदोपत्री, कायद्याच्या भाषेत. 'हॉल्ट' फौजेत, परेडमध्ये आणि रेल्वेत.

'स्टॉप'नंतर 'फ्रॉम' केव्हा येतो?

कुणाला काही करण्यापासून रोखायचं असेल तेव्हा: 'द गार्ड स्टॉप्ड अस फ्रॉम एंटरिंग'. ब्रिटिश लोक बोलताना हा 'फ्रॉम' गाळतातही, पण वाक्य कर्मणी असेल तर तो लागतोच: 'वी वेअर स्टॉप्ड फ्रॉम एंटरिंग'. नेहमी घाला, कुठेच चुकणार नाही.

बस स्टॉप, स्टँड, स्टेशन, हॉल्ट, स्टॉपेज... नेमकं काय कशाला म्हणायचं?

बस रस्त्याच्या कडेला क्षणभर टेकते ती जागा 'बस स्टॉप'. जिथून गाड्या सुटतात, जिथे फलाट, चौकशी खिडकी आणि कँटीन असते, ते आपल्यासाठी 'स्टँड'. सरकारी पाटीवर ते 'बस स्थानक' असतं आणि इंग्रजीत 'बस स्टेशन' किंवा 'बस स्टँड'. 'अमळनेर स्टँडवर उतरा' आणि 'फाट्यावरच्या स्टॉपला उतरा' या दोन सूचनांमध्ये कधीकधी रिक्षाचं भाडं असतं.

एस.टी.ची 'विनंती थांबा' ही पाटी मला फार आवडते. इंग्रजीतही 'रिक्वेस्ट स्टॉप' आहे आणि अर्थ तोच: हात दाखवला किंवा उतरणारा असला तरच गाडी थांबणार. 'विनाथांबा' गाडी म्हणजे 'नॉन-स्टॉप'. गाडीतली घंटीही एक भाषाच आहे. कंडक्टरने एकदा वाजवली तर थांब, दोनदा वाजवली तर चल. इंग्रजीचा एक शब्द न येणाऱ्यालाही 'डबल बेल' कळते.

रेल्वेत जरा गुंता आहे. सुरतेहून भुसावळकडे येणारी गाडी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी येते. तिच्या वेळापत्रकात 'हॉल्ट'च्या रकान्यात मिनिटं लिहिलेली असतात, म्हणजे थांबण्याचा वेळ. पण 'हॉल्ट' हा स्टेशनचाही एक प्रकार आहे. लहानसं ठिकाण, तिथे पॅसेंजर तेवढी थांबते आणि तिकिटं बहुधा कमिशनवर नेमलेला माणूस विकतो.

'आमच्या गावाला स्टॉपेज द्या' ही मागणी पाचोरा, चाळीसगाव, नंदुरबारकडच्या निवेदनांत कायम असते. 'स्टॉपेज'चा हा अर्थ भारतीय इंग्रजीचा आहे आणि आपल्या रेल्वेच्या कागदांत तो बिनदिक्कत चालतो, त्यामुळे निवेदनात लिहायला हरकत नाही. इंग्लंडात मात्र 'स्टॉपेज' म्हटलं की कामबंद, पगारातली कपात किंवा फुटबॉलमध्ये खेळ थांबल्यामुळे वाढवून दिलेला वेळ आठवतो. तिथल्या माणसाशी बोलताना सरळ 'द ट्रेन स्टॉप्स अॅट पाचोरा' म्हणा. वेळापत्रकाची गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगतात, 'इज स्टॉपिंग' नको.

भुसावळचे रेल्वेवाले 'स्टॉप डेड' म्हणतात. त्यात मरण्याचा काय संबंध?

काही नाही. इथे 'डेड' म्हणजे 'पुरतं, अजिबात न हलता'. रेल्वेच्या नियमांत लाल सिग्नलचा अर्थच 'स्टॉप डेड' असा दिलेला आहे. वेग कमी करणं, सरकत सरकत पुढे जाणं यातलं काहीच चालत नाही. जे सिग्नल लाल असताना ओलांडायचे नसतात, त्यांना 'स्टॉप सिग्नल' म्हणतात: आउटर, होम, स्टार्टर वगैरे. 'गाडी आउटरला उभी आहे' हे वाक्य भुसावळला जाणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी घरच्यांना फोनवर सांगितलेलं असतं. त्यातला आउटर तो हाच. अंबर, म्हणजे पिवळा दिवा सांगतो की पुढच्या स्टॉप सिग्नलला थांबायच्या तयारीने जा.

रस्त्यावरची 'स्टॉप'ची पाटी आठ कोनांचीच का?

मागून किंवा चिखल-बर्फाने माखलेली असली तरी नुसत्या आकारावरून ओळखता यावी म्हणून. अमेरिकेत १९२३ मध्ये अष्टकोन सुचवला गेला. तेव्हा पाटी पिवळी असायची, कारण न विटणारा लाल रंग मिळत नव्हता. १९५४ पासून तिथे लाल आली. भारतातही हीच लाल अष्टकोनी पाटी आहे. तिच्यापाशी गाडी पूर्ण थांबवायची. उलटा त्रिकोण असेल तर 'गिव्ह वे', म्हणजे मुख्य रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्या. जळगावच्या आकाशवाणी चौकात किंवा अजिंठा चौफुलीवर सिग्नलच्या आधी जी आडवी पांढरी रेघ असते ती 'स्टॉप लाइन'. ती झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे असते. पुढचं चाक रेघेवर ठेवायला ती आखलेली नाही, हे इथेच सांगून टाकतो.

'स्टॉपिंग डिस्टन्स' म्हणजे ब्रेक लागायला लागणारं अंतर ना?

निम्मंच बरोबर. त्यात दोन भाग असतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जितकी पळते ते एक, आणि ब्रेक लागल्यावर ती जितकी घसरते ते दुसरं. ब्रिटनच्या हायवे कोडमधले, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकातले आकडे पाहा. ताशी ४८ किलोमीटरला ९ मीटर विचारात आणि १४ मीटर ब्रेकमध्ये जातात, एकूण २३. ताशी ९६ ला १८ आणि ५५, एकूण ७३. वेग दुप्पट झाला की विचारातलं अंतर दुप्पट होतं, पण ब्रेकचं जवळपास चौपट, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. हे आकडे कोरड्या सपाट रस्त्याचे आहेत. धुळ्याजवळ लळिंग घाटाच्या उतारावर लादलेल्या ट्रकला, त्यातही पावसात, कितीतरी जास्त अंतर लागतं. पुढच्या ट्रकच्या पाठीवरचं 'कीप डिस्टन्स' इथे गंमत म्हणून वाचू नका.

हा शब्द मुळात आला कुठून?

बोळ्यातून. लॅटिनमध्ये 'स्टुप्पा' म्हणजे जवस किंवा तागाचे भरड तंतू. ते जहाजाच्या फळ्यांमधल्या फटींत कोंबत, भांड्यांची तोंडं त्याने बुजवत. त्यावरून बोळा घालून बुजवणे असं क्रियापद झालं आणि तेच इंग्रजीत 'स्टॉप' म्हणून आलं. भोक बुजलं की पाणी थांबतं. पुढे पाणीच काय, माणूस आणि घोडाही 'स्टॉप' व्हायला लागला. चालताना थांबण्याचा अर्थ त्या मानाने बराच नंतरचा आहे.

हे एकदा कळलं की बरेच शब्द उलगडतात. बाटलीचं बूच 'स्टॉपर' का? नळाच्या पाइपवरचा 'स्टॉप कॉक' का? वेळ मारून नेणारी तात्पुरती सोय 'स्टॉपगॅप' का, तर फट बुजवली म्हणून. 'स्टॉप युवर इअर्स' म्हणजे कानात बोळे घाला. जुन्या ब्रिटिश इंग्रजीत दात भरण्यालाही 'स्टॉपिंग' म्हणत.

सगळ्यात मजा पेटीची. भजनी मंडळातल्या कुणालाही विचारा, हार्मोनियमच्या पुढच्या खुंट्यांना काय म्हणता? 'स्टॉपर', किंवा नुसते 'स्टॉप'. खुंटी आत असेल तर हवेची वाट बुजलेली असते. बाहेर ओढली की हवा सुरांच्या पट्ट्यांकडे जाते. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्ये अशा पुष्कळ खुंट्या असतात. सगळ्या ओढल्या की वाद्य पूर्ण ताकदीने वाजतं. 'पुल आउट ऑल द स्टॉप्स' म्हणजे कसलीही कसर न ठेवणं, ते यावरून. हा वाक्प्रचार 'सगळे अडथळे दूर करणे' असा पाठ करणारे खूप भेटतात. पेटी उघडून दाखवली की पाठ करावा लागत नाही.

कॅमेरावाले 'दोन स्टॉप कमी कर' म्हणतात, ते काय?

एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. पूर्वी भिंगापाशी वेगवेगळ्या आकाराची भोकं पाडलेल्या धातूच्या चकत्या सरकवत. प्रकाश अडवायच्या म्हणून त्यांना 'स्टॉप' म्हणत. म्हणजे पुन्हा बोळाच. भिंगाच्या भोकाचा आकार सांगणारे २.८, ४, ५.६, ८ असे आकडे चढतात तसा प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांना हे पुस्तकाशिवाय येतं.

उच्चार 'स्टॉप्ड' की 'स्टॉपेड'?

लिहिताना 'ड', उच्चारताना 'ट': 'स्टॉप्ट'. 'स्टॉपेड' कुठेच नाही. कारण 'प' हा अघोष, म्हणजे गळा न थरथरता उच्चारायचा वर्ण आहे, त्याला चिकटलेला शेवटही अघोष होतो. 'हेल्प्ट', 'वॉश्ट' तसंच. स्पेलिंगमध्ये पी दोनदा येतो, '-इंग' लावतानाही. अमेरिकन लोक 'स्टाप'च्या जवळ जाणारा उच्चार करतात. तुमचा 'स्टॉप' दोन्हीकडे समजतो.

ध्वनिशास्त्रातही 'स्टॉप' ही संज्ञा आहे. तोंडातली हवा क्षणभर पूर्ण अडवून केलेलं व्यंजन, जे आपल्या वर्णमालेत क्-पासून स्पर्श वर्ण म्हणून शिकवतात. 'स्टॉप' या शब्दातले ट आणि प दोन्ही स्टॉपच आहेत.

जुन्या तारेत प्रत्येक वाक्यानंतर 'स्टॉप' का लिहायचे?

पूर्णविराम म्हणून. तारेत टिंब हरवायची किंवा चुकीचं वाचलं जायची भीती असे, शब्दाचा तसा घोळ होत नसे. 'फादर सीरियस स्टॉप कम सून' यातला 'स्टॉप' कुणाला काही थांबवायला सांगत नाही. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. विरामचिन्हाला ब्रिटिश 'फुल स्टॉप' आणि अमेरिकन 'पीरियड' म्हणतात.

चेकचं 'स्टॉप पेमेंट' केलं की आपण सुटलो का?

हा इंग्रजीचा प्रश्न नाही, पण येतो खूप, विशेषतः मालाच्या बदल्यात पुढच्या तारखेचे चेक देणाऱ्यांकडून. 'स्टॉप पेमेंट' म्हणजे हा चेक वटवू नका, अशी खातेदाराने बँकेला दिलेली सूचना. चेकबुक हरवलं असेल तर ताबडतोब द्यावी. पण देणं बुडवायला तिचा आधार घेता येत नाही. स्टॉप पेमेंट केलेला चेक परत आला तरी परक्राम्य संलेख अधिनियमाचं (चेक वगैरेंच्या कायद्याचं) कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम, लागू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मोदी सिमेंट्सच्या खटल्यात स्पष्ट केलं. देणंच नव्हतं, हे दाखवायची जबाबदारी चेक देणाऱ्यावर येते. तुमच्या प्रकरणात काय होईल ते वकिलालाच विचारा.

शेअर बाजारातला 'स्टॉप लॉस'?

भाव एका ठरलेल्या पातळीला आला की सौदा आपोआप कापायची आधीच दिलेली ऑर्डर. तोटा तिथे अडतो. पण भाव एकदम कोसळला तर ठरवलेल्या भावालाच विक्री होईल याची हमी नसते.

'स्टॉप बाय', 'स्टॉप ओव्हर', 'स्टॉप ऑफ' सगळं एकच का?

जवळचे आहेत. 'स्टॉप बाय' म्हणजे जाता जाता डोकावणं: 'स्टॉप बाय माय शॉप'. 'स्टॉप ऑफ' म्हणजे प्रवासात मधेच थोडं उतरणं, जसं धुळ्याहून नाशिकला जाताना चांदवडला. 'स्टॉप ओव्हर'मध्ये मुक्काम येतो, विमानप्रवासात हा शब्द नेहमीचा. 'स्टॉप अप' वेगळा, तो भोक बुजवण्याचा.

मोठ्या माणसाला 'स्टॉप' म्हणणं उद्धट वाटतं का?

एकटं म्हटलं तर वाटतं. इंग्रजीत 'थांब' आणि 'थांबा' असा भेद नाही, म्हणून सगळा भार 'प्लीज'वर आणि आवाजावर पडतो. टॅक्सीवाल्याला 'कुड यू स्टॉप हिअर, प्लीज?' म्हणा. 'स्टॉप इट!' म्हणजे 'पुरे आता!', ते भांडणाऱ्या मुलांसाठी. साहेब मीटिंगमध्ये लांबण लावत असतील तर 'सर, मे आय कम इन हिअर?' असं विचारून मधे शिरा. अपघात होत असेल तेव्हा मात्र 'प्लीज' शोधत बसू नका, ओरडा 'स्टॉप!'